एक प्यादं जास्त, मग डाव जिंकला का?

दोस्तांनो, समजा वर्धा जिल्ह्याच्या शालेय बुद्धिबळ स्पर्धेत तुमचा शेवटचा डाव चालू आहे. सेलू, देवळी, आर्वी, हिंगणघाट, सगळीकडची मुलं आपापले डाव संपवून तुमच्या टेबलाभोवती गोळा झाली आहेत. पट जवळजवळ रिकामा. तुमच्याकडे राजा, एक हत्ती आणि एक प्यादं. समोरच्याकडे राजा आणि हत्ती. म्हणजे एक प्यादं तुमच्याकडे जास्त! मागे उभा असलेला मित्र हळूच म्हणतो, "जितला बे तू!"

तुम्हालाही तसंच वाटतं. आता ही हत्तींची कटकट कशाला, म्हणून तुम्ही हत्तीवर हत्ती मारून मोकळे होता. उरले दोन राजे आणि तुमचं ते एकुलतं एक प्यादं. पाच मिनिटांनी पंच येऊन वहीत लिहितात, "बरोबरी." अर्धा गुण गेला, पहिला नंबरही गेला.

घरी आल्यावर बाबांच्या मोबाइलवर तोच डाव घालून पाहता. संगणक दाखवतो की हत्ती मारायच्या आधी तुमच्या बाजूला चांगला घसघशीत आकडा होता. हत्ती मारले आणि आकडा झाला शून्य! प्यादं तर अजून पटावरच होतं. मग शून्य कसं?

हा प्रश्न फक्त तुम्हालाच पडलेला नाही बरं का. संगणकाला बुद्धिबळ शिकवणाऱ्या मोठमोठ्या लोकांनाही तो वर्षानुवर्षं छळत होता. आणि आपल्या शेजारच्या नागपूरची दिव्या देशमुख आठवते ना? जुलै २०२५ मध्ये जॉर्जिया देशातल्या बाटुमी शहरात तिनं महिलांचा विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यात समोर होती कोनेरू हम्पी. नेहमीचे दोन डाव बरोबरीत सुटले, जलद डावांचा पहिलाही बरोबरीत, आणि २८ जुलैला दुसऱ्या जलद डावात दिव्या जिंकली. एकोणीस वर्षांची ही मुलगी त्याच दिवशी भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. आणि जिंकल्यावर ती काय म्हणाली? डावाच्या शेवटच्या टप्प्याचा मला आणखी अभ्यास करायला हवा, अशा अर्थाचं! विश्वचषक जिंकणारी असं म्हणते, तर आपण थोडा वेळ द्यायला काय हरकत आहे? चला तर मग, पट मांडा. हा लेख पट समोर ठेवूनच वाचायचा आहे.

आधी वजन, मग प्रत

१९५० साली क्लॉड शॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञानं संगणकाला बुद्धिबळ कसं शिकवता येईल, यावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात मोहऱ्यांच्या किमती ठरवल्या होत्या. वजीर ९, हत्ती ५, उंट ३, घोडा ३ आणि प्यादं १. राजाला मात्र त्यानं २०० गुण दिले, कारण राजा गेला की सगळंच गेलं. आपल्या मोहऱ्यांची बेरीज करायची आणि त्यातून समोरच्याची वजा करायची. शॅनन इथंच थांबला नाही. एकामागे एक अडकलेलं, मागे रेंगाळलेलं किंवा एकटं पडलेलं प्यादं असेल, तर प्रत्येकाचा अर्धा गुण कापायचा, असंही त्यानं सुचवलं.

का बरं? हिंगणघाटच्या बाजारात कापसाची गाडी येते, तेव्हा व्यापारी काय करतो ते पाहा. गाडीचं वजन तर होतंच. पण त्याआधी तो कापसात हात खुपसतो, मूठभर बाहेर काढतो, ओला आहे की कोरडा ते बघतो, धागा ओढून पाहतो. नुसत्या वजनावर भाव ठरत नाही. तसंच प्याद्यांचं आहे. बेरीज-वजाबाकी म्हणजे वजन. प्यादं कुठं आहे, राजा कुठं आहे आणि चाल कुणाची आहे, ही त्याची प्रत.

आता पटावर हे मांडा. पांढरा राजा डी ६ वर, पांढरं प्यादं ई ६ वर आणि काळा राजा ई ८ वर. बस्स, तीनच सोंगट्या. वजन किती? पांढऱ्याकडे एक प्यादं जास्त.

चाल पांढऱ्याची असेल, तर प्यादं ई ७ वर जातं. काळ्या राजाला एफ ७ शिवाय जागाच उरत नाही. मग पांढरा राजा डी ७ वर येतो आणि पुढच्या चालीला प्याद्याचा वजीर होतो. पांढरा जिंकला!

आता तीच मांडणी, पण चाल काळ्याची. काळा राजा डी ८ वर येतो, पांढऱ्या राजाच्या अगदी समोर, मधे एक घर सोडून. प्यादं शह देत ई ७ वर जातं, काळा राजा ई ८ वर परततो. आता प्यादं वाचवायला पांढरा राजा ई ६ वर आलाच पाहिजे. तो आला, की काळ्याला शह नाही आणि हलायला घरही नाही. म्हणजे स्टेलमेट. डाव बरोबरीत!

पाहिलंत? सोंगट्या त्याच, घरं तीच, वजन तेच. फक्त चाल कुणाची एवढ्यावर जिंकणं आणि बरोबरी ठरली. नुसती बेरीज करणारा संगणक दोन्ही वेळा 'एक गुण पुढे' असंच सांगेल, आणि दोन्ही वेळा ते उत्तर चुकीचं असेल. कारण अशा ठिकाणी 'थोडा पुढे' असं काही नसतंच. एक तर डाव जिंकलेला असतो, नाही तर बरोबरीत असतो.

क्षितिजापलीकडचं दिसत नाही

तुम्ही म्हणाल, संगणक पुढच्या चाली बघतो की! हो, बघतो. १९९७ च्या मे महिन्यात डीप ब्लू या संगणकानं जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हला ३.५ विरुद्ध २.५ असं हरवलं, तेव्हा तो सेकंदाला सुमारे २० कोटी मांडण्या तपासत होता. पण कितीही वेग असला, तरी कुठं तरी थांबावंच लागतं. मोकळ्या शेतात उभं राहिलं की आपल्याला क्षितिजापर्यंतच दिसतं, पलीकडचं गाव दिसत नाही. तसंच हे. प्यादं नवव्या चालीला वजीर होणार असेल आणि संगणक आठच चाली बघत असेल, तर त्या बिचाऱ्याला वजीर दिसणारच नाही!

म्हणून प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी त्याला काही युक्त्या शिकवल्या. त्यातली एक तुम्हीही आत्ता शिकू शकता. तिचं नाव चौकोनाचा नियम.

पांढरं प्यादं ए ५ वर ठेवा. काळा राजा ई ५ वर. पांढरा राजा लांब एच १ वर, मदतीला येऊ शकत नाही असा. प्यादं वजीर व्हायला तीन चाली हव्यात. मग प्याद्यापासून बाजूला तीन घरं मोजा आणि मनातल्या मनात एक चौकोन काढा: ए ५, ए ८, डी ८ आणि डी ५. काळ्या राजाला या चौकोनात पाऊल ठेवता आलं, तर तो प्यादं पकडणार. चाल काळ्याची असेल, तर तो डी ६ वर शिरतो आणि प्यादं सापडतं. चाल पांढऱ्याची असेल, तर प्यादं पुढं सरकतं, चौकोन लहान होतो आणि राजा बाहेरच राहतो. एकेक चाल मोजत बसायची गरजच नाही. एका नजरेत निकाल!

तीन प्यादी जास्त, तरी शून्य!

दुसरी गोष्ट तर याहून गमतीची. पटाच्या अगदी कडेच्या पट्टीवरचं, म्हणजे ए किंवा एच पट्टीवरचं प्यादं फार आळशी असतं. त्याच्यासमोरचा कोपरा समोरच्या राजानं धरला, की ते प्यादं काही वजीर होत नाही. राजाला कोपऱ्यातून हाकलायला दोन्ही बाजूंनी जागा लागते, आणि कडेला एकच बाजू असते.

एवढंच नाही. ए पट्टीवर एकामागे एक अशी तुमची तीन प्यादी उभी असली आणि काळा राजा ए ८ च्या कोपऱ्यात बसला असला, तरीही बरोबरी! तीन गुणांची आघाडी आणि निकाल शून्य. आणखी एक बघा. एच पट्टीवर प्यादं आणि जोडीला पांढऱ्या घरांवरून फिरणारा उंट. गुण झाले चार. पण एच ८ हा कोपरा काळ्या रंगाचा आहे. काळा राजा तिथं जाऊन बसला, की हा उंट त्याला कधीच उठवू शकत नाही. चार गुण जास्त, तरी बरोबरी!

स्टॉकफिश नावाचा जगप्रसिद्ध प्रोग्रॅम आहे. त्याच्यात कितीतरी वर्षं असे नियम एकेक करून हातानं लिहिलेले होते. सगळी प्यादी एकाच कडेच्या पट्टीवर आणि समोर राजा असेल, तर बेरीज विसर आणि शून्य धर, असं त्याला बजावलेलं असे.

शेवटाकडून सुरुवातीकडे

राजा आणि एक प्यादं विरुद्ध नुसता राजा, एवढ्या छोट्या खेळासाठी त्याहून चांगला उपाय सापडला. सगळ्याच मांडण्यांची उत्तरं आधीच काढून ठेवायची!

किती मांडण्या होतील? प्यादं पहिल्या आणि आठव्या ओळीत नसतं, म्हणून सहा ओळी. पटाचा डावा आणि उजवा भाग एकमेकांचं प्रतिबिंब असतात, म्हणून आठऐवजी चारच पट्ट्या पुरेत. म्हणजे प्याद्यासाठी २४ घरं. पांढऱ्या राजासाठी ६४, काळ्या राजासाठी ६४ आणि चाल या दोघांपैकी एकाची. करा गुणाकार: २४ × ६४ × ६४ × २. उत्तर येतं १,९६,६०८. यातल्या काही मांडण्या अशक्य आहेत, दोन राजे एकाच घरात वगैरे, त्या सोडून द्यायच्या. प्रत्येकीसाठी फक्त 'जिंकतो' किंवा 'जिंकत नाही' एवढीच एक खूण. सगळं मिळून २४ किलोबाइट. तुमच्या मोबाइलमधला एक फोटोसुद्धा याच्या कितीतरी पट जागा खातो.

ही उत्तरं काढली कशी? उलट्या दिशेनं. वर्ध्याच्या एसटी स्टँडवर उभे आहात असं समजा. इथून एका थांब्यावर कोणती गावं, ती लिहून काढा. मग त्या गावांपासून आणखी एका थांब्यावर कोणती, ती लिहा. असं करत गेलात, की जिल्ह्यातल्या कुठल्याही गावाहून वर्धा किती थांबे आहे, ते तुमच्या वहीत येईल. संगणकही आधी प्यादं सुखरूप वजीर झालं अशा मांडण्या लिहितो. मग एक चाल मागे, मग दोन चाली मागे. ज्या मांडण्यांपर्यंत हा प्रवास पोचतच नाही, त्या बरोबरीच्या.

ही वही पुढं फुगतच गेली. २०१८ मध्ये तयार झालेल्या सिझिजी नावाच्या संग्रहात पटावर जास्तीत जास्त सात सोंगट्या असलेल्या सगळ्या मांडण्यांची उत्तरं आहेत. मांडण्या किती? सुमारे ४२४ लाख कोटी!

भुलभुलैयातली खडूची खूण

पण सातपेक्षा जास्त सोंगट्या असतील तर? आता ही मांडणी लावा. बुद्धिबळाच्या जगात ती खूप प्रसिद्ध आहे.

पांढरा राजा ए १. पांढरी प्यादी ए ४, डी ४, डी ५ आणि एफ ४. काळा राजा ए ७. काळी प्यादी ए ५, डी ६ आणि एफ ५. चाल पांढऱ्याची.

पांढऱ्याकडे एक प्यादं जास्त आहे. पण सगळीच्या सगळी प्यादी एकमेकांसमोर अडकून पडली आहेत. एकही हलत नाही. फिरतात ते फक्त दोन राजे. पांढऱ्याला आत शिरायला दोन दारं: एक बी ५, दुसरं जी ५. काळा राजा दोन्ही दारांवर पहारा देतोय. पांढऱ्याची पहिली चाल कोणती? राजा ए २, बी १ किंवा बी २ वर जाऊ शकतो. कुणालाही वाटेल, बी २, कारण तीच पुढं जाणारी तिरपी चाल. पण तिनं डाव बरोबरीत सुटतो! जिंकवणारी चाल एकच, राजा बी १. पुढं न जाता बाजूला सरकायचं, म्हणजे पुढं प्रत्येक वेळी काळा एक पाऊल उशिरा पोचतो.

ही मांडणी १९०१ सालची, लास्कर आणि राइकहेल्म या दोघांच्या नावानं ओळखली जाते. रुबेन फाइनच्या १९४१ सालच्या पुस्तकात तिचा क्रमांक ७० होता. म्हणून संगणकवाले तिला 'फाइन ७०' म्हणतात आणि आपला प्रोग्रॅम तपासायला वापरतात.

यात तपासण्यासारखं काय? प्रत्येक वेळी राजाला पाच वाटा आहेत असं धरा. दोघांच्या मिळून वीस चाली बघायच्या, तर वाटा होतात ९५ लाख कोटींपेक्षा जास्त. पण थांबा. प्यादी जागची हलत नाहीत. मग वेगवेगळ्या मांडण्या किती? ६४ × ६४ × २, म्हणजे फार तर ८,१९२! प्यादं मारलं जाईपर्यंत त्याच मांडण्या पुन्हा पुन्हा येत राहतात, फक्त वेगळ्या वाटेनं.

भुलभुलैयात शिरलेला माणूस त्याच त्या बोळांतून फिरत राहतो. हुशार माणूस मात्र खिशात खडू ठेवतो आणि पाहिलेल्या बोळावर खूण करतो. संगणकाला असाच खडू दिला, म्हणजे पाहिलेल्या मांडण्या आठवणीत ठेवायला शिकवलं, की तो बी १ ही चाल झटकन शोधतो. खडू नसेल, तर कितीही वेगवान संगणक तिथंच गरगरत बसतो. म्हणजे नुसता वेग कामाचा नाही, आठवणही हवी. परीक्षेच्या आदल्या रात्री भराभर पानं उलटणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी!

मोबाइलवरच्या आकड्याचा अर्थ

२०२० पासून स्टॉकफिशमध्ये आणखी एक बदल झाला. मांडणीची पारख करायला त्याला एक कृत्रिम मज्जातंतूंचं जाळं मिळालं. अगणित मांडण्या बघून बघून ते जाळं स्वतःच पारख शिकलं. पुढं हातानं लिहिलेले जुने नियम काढूनही टाकले गेले. पण पुढच्या चाली बघणं आणि खडूच्या खुणा, ही दोन्ही कामं आजही चालूच आहेत.

आणि स्क्रीनवर दिसणारा तो आकडा? डिसेंबर २०२२ पासून स्टॉकफिशच्या +१.०० या आकड्याचा अर्थ 'एक प्यादं जास्त' असा राहिलेला नाही. त्याचा अर्थ, अशा मांडणीतून तोडीस तोड खेळणारा जिंकण्याची शक्यता साधारण निम्मी आहे. म्हणजे उरलेल्या निम्म्या वेळा जिंकणं होतच नाही! आता कळलं ना, हत्ती मारल्यावर तुमचा आकडा शून्य का झाला? प्यादं होतंच, पण काळा राजा अगदी वेळेवर समोर येऊन उभा राहिला होता. हत्ती होते तोवर त्याला तसं येऊ न देण्याची संधी तुमच्या हातात होती.

म्हणून पुढच्या वेळी शेवटचा मोहरा मारायच्या आधी हात मांडीखाली ठेवा आणि तीन प्रश्न विचारा. मारामारी झाल्यावर चाल कुणाची असेल? माझा राजा प्याद्याच्या पुढं आहे की मागे? प्यादं कडेच्या पट्टीवर तर नाही? संगणकालाही एवढंच शिकायला कितीतरी वर्षं लागली. तुम्हाला अर्धा तास पुरेल.

आई-बाबांसाठी दोन शब्द. मूल स्पर्धेहून घरी आलं, की लगेच मोबाइल काढून "इथं तर तू जिंकत होतास!" असं म्हणू नका. तो आकडा दाखवणाऱ्या यंत्राजवळ कोट्यवधी मांडण्यांची आठवण आहे. तुमच्या मुलाजवळ घड्याळातली दोन मिनिटं आणि धडधडणारं काळीज होतं. त्यापेक्षा पट मांडा आणि विचारा, "इथं तुला काय वाटलं होतं?" उत्तर नीट ऐकलंत, तर पुढचा अर्धा गुण कदाचित तिथंच सापडेल.

जाता जाता एक कोडं. पांढरा राजा डी ५, काळा राजा डी ७, चाल पांढऱ्याची. पांढरं प्यादं डी ४ वर असेल तर पांढरा जिंकेल, की डी ३ वर असेल तर? आधी पटावर खेळून पाहा, मगच खाली बघा. मोबाइल लांब ठेवायचा हं!

उत्तर: डी ३ वर असेल तर. पांढरा डी ४ ही चाल खेळतो, मग काळ्याला हलावंच लागतं आणि पांढरा राजा दुसऱ्या बाजूनं पुढं घुसतो. प्यादं आधीच डी ४ वर असेल, तर हलायची वेळ पांढऱ्या राजावर येते आणि डाव बरोबरीत सुटतो. मागे ठेवलेलं प्यादं म्हणजे खिशात जपून ठेवलेली एक चाल!